कागदाच्या लगद्याची गणेशमूर्ती घरी करताना: पाणी कुठे अडतं ते आधी बघा

दरवर्षी आषाढ संपत आला की माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. पोटावर आडवी भेग गेलेले बाप्पा, सोंड गळून मांडीवर पडलेली, पाठीवर हिरवी बुरशी, आणि खाली एकच प्रश्न: 'चुकलं कुठे?' बहुतेकांना वाटतं हात चांगला नाही म्हणून बिघडलं. हाताचा दोष क्वचित असतो. कागदाची मूर्ती फसते ती पाण्यामुळे. लगद्यात ते जास्त राहिलं, गाभ्यात अडकलं, किंवा बाहेरची साल आधी वाळली आणि आतलं ओलं कोंडलं, यांतलं काहीतरी झालेलं असतं. म्हणून या लेखात डोळे-दागिन्यांपेक्षा पिळण्यावर आणि सुकवण्यावर जास्त लिहिलं आहे. सगळी मापं ९ इंची, बैठ्या मूर्तीची आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याने याहून मोठी करू नये.

## कामाला हात घालण्याआधी

मूर्ती विसर्जनाची की ठेवायची? हे आधी ठरवा, कारण डिंकापासून रंगापर्यंत सगळं त्यावर अवलंबून आहे. कायमची ठेवायची असेल तर फेव्हिकॉल वापरा, आत तार घाला, वरून वॉर्निश मारा, काही बिघडत नाही. विसर्जनाच्या मूर्तीत यातलं एकही चालत नाही. फेव्हिकॉल एकदा वाळला की पाण्यात मऊ पडतो, पण सुटत नाही. मग बादलीत तीन दिवस बाप्पा तसेच बसून राहतात आणि घरातल्यांची तोंडं बघवत नाहीत. पुढचं सगळं विसर्जनाची मूर्ती धरून लिहिलं आहे.

दिवस मोजा, तेही उलटे. चतुर्थीपासून मागे येत तिथींनीच मोजलेलं सोपं जातं:

- आषाढी एकादशी: कागद भिजत घालणे
- नागपंचमी: मूर्ती घडवून पूर्ण, सुकायला ठेवलेली
- नारळी पौर्णिमा: पूर्ण वाळलेली, घासायला तयार
- गोकुळाष्टमी: रंग झालेले
- पिठोरी अमावास्या: डोळ्यांची आखणी

'गौरीच्या आधी पंधरा दिवस सुट्टी काढते आणि करते' असं म्हणणाऱ्यांनी शाडूची मूर्ती करावी. शाडू काही दिवसांत हाताळण्याजोगा होतो. कागद श्रावणात तेवढ्यात वाळत नाही.

साहित्य: कोरडा कागद ३०० ग्रॅम, व्हायटिंग पावडर पाऊण ते एक किलो, बाभळीचा डिंक १०० ग्रॅम, लवंगेचं तेल, जुना पंचा किंवा धोतराचं फडकं, सुतळी, खराट्याच्या काड्या, बांबूच्या सळ्या, पाट किंवा प्लायचा तुकडा, पॉलिश पेपर (८०, १२० आणि २२० नंबर) आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. काटा नसेल तर शेजारून मागून आणा, तो या कामात ब्रशाइतकाच लागतो.

व्हायटिंग आणि पीओपी यांची गल्लत करू नका. दोन्ही पांढरी भुकटी, दोन्ही एकाच रंगाच्या दुकानात, कधी शेजारशेजारच्या पोत्यांत. व्हायटिंग म्हणजे खडूची भुकटी, कॅल्शियम कार्बोनेट. ती पाण्याने घट्ट होत नाही. पीओपी पाणी लागताच कोमट होतं आणि थोड्या वेळात दगड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई केली, त्यामागचं एक कारण हेच. ते पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल.

> तपासणी: चमचाभर भुकटीवर व्हिनेगर टाका. फसफसून फेस आला तर व्हायटिंग. शिवाय दुसरा चमचा पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा. घट्ट झाली तर परत करा.

## टप्पा १: कागद निवडणे, फाडणे, भिजवणे

वर्तमानपत्राचा साधा, खरखरीत कागद चालतो. त्याहून चांगले अंड्यांचे करडे ट्रे, ते मुळात लगद्याचेच असतात. मुलांच्या वह्यांचे लिहिलेले कागदही उत्तम, त्यांचा लगदा पांढरा निघतो.

नको ते हे: गुळगुळीत पुरवण्या, लग्नपत्रिका, दुकानातली चकचकीत बिलं, लॅमिनेशन केलेलं काहीही. पुरवणीच्या कागदावर मुलामा असतो. तो वाटल्यावर निसरडा चिखल होतो आणि तंतू एकमेकांत गुंतत नाहीत. वह्या घेतल्या तर टाचण्या आणि स्टेपलच्या पिना एकूण एक काढा. राहिलेली पिन मिक्सरच्या पात्याला लागते, नाहीतर महिन्याभराने बाप्पांच्या गालावर तांबूस डाग होऊन वर येते.

कागद हाताने फाडा, इंचभर तुकडे. कात्रीने कापू नका. कापलेली कड बंद असते, फाटलेल्या कडेला तंतू सुटे होतात आणि पुढे तेच एकमेकांना धरून ठेवतात. टीव्ही बघत करण्यासारखं काम आहे, घरातल्या सगळ्यांना लावा.

तुकडे मोठ्या बादलीत, वर चार बोटं पाणी राहील असे भिजवा. दोन रात्री. पाणी दिवसातून दोनदा बदला. वर्तमानपत्र असेल तर पहिलं पाणी काळपट निघतं, ते शाईचं. पावसाळ्यात पाणी बदललं नाही तर तिसऱ्या दिवशी वास सुटतो आणि तो वास मूर्तीत राहतो. उदबत्तीने जात नाही, माझा अनुभव आहे.

## टप्पा २: शिजवणे आणि वाटणे

भिजलेला कागद जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळा. ही पायरी अनेकजण गाळतात. उकळल्याने कागदाला दिलेली खळ सुटते, तंतू फुलतात आणि बुरशीचं बीजही बरंचसं मरतं. शाईचा कागद उकळलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

गार झाल्यावर वाटायचं. मिक्सरचं जुनं भांडं, दोन तृतीयांश पाणी, आणि त्यात फक्त मूठभर कागद. दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा दहा सेकंद. पहिल्या वर्षी मी चटणीसारखं घट्ट वाटायला गेले आणि मोटार जळाली. घरात अजून दर चतुर्थीला तो विषय निघतो. मिक्सर नको असेल तर खलबत्त्यात कुटा, तंतू लांब राहतात आणि लगदा अधिक चिवट होतो, फक्त दंड भरून येतात.

> तपासणी: चमचाभर लगदा काचेच्या ग्लासात भरपूर पाण्यात ढवळा आणि उजेडासमोर धरा. ढगासारखा एकसारखा तरंगला पाहिजे. कागदाचे तुकडे, अक्षरं दिसली तर परत वाटा. हे तुकडे पुढे चेहऱ्यावर पापुद्र्यासारखे उठतात.

फार बारीकही नको. अगदी पेजेसारखं केलं की तंतू तुटतात आणि वाळल्यावर मूर्ती ठिसूळ होते.

## टप्पा ३: पिळणे

माझ्याकडे आलेल्या फोटोंपैकी निम्म्यांचं उत्तर या टप्प्यात आहे.

लगदा फडक्यात घ्या, पुरचुंडी बांधा आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखी नळाला टांगा. दोन-तीन तासांत सुटं पाणी निथळेल. मग हाताने पिळा. एकट्याने नाही, दोघांनी, चादर पिळतो तसं उलटसुलट. लहान लहान भागांत पिळा, सगळा गोळा एकदम घेतला तर मधला भाग ओलाच राहतो.

आता काटा काढा. ३०० ग्रॅम कोरडा कागद पिळल्यावर एक किलोच्या आसपास भरतो. सव्वा किलोच्या वर गेला तर अजून पिळायला हवं.

हिशेब समजून घ्या, म्हणजे कंटाळा येणार नाही. एक किलो पिळलेल्या लगद्यात ७०० ग्रॅम पाणी आहे. डिंकातून आणखी दीडशे. म्हणजे एवढ्याशा मूर्तीतून ऐन श्रावणात, हवेतच पाणी भरलेलं असताना, जवळजवळ लिटरभर पाणी उडून जायचं आहे. पिळताना गेलेला प्रत्येक कप म्हणजे सुकण्याचा दीड-दोन दिवस वाचला.

> तपासणी: लिंबाएवढा गोळा मुठीत घट्ट दाबा. बोटांतून थेंब गळू नये, तळहात फक्त दमट व्हावा. गोळा मोडला तर ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा सुटा झाला पाहिजे.

पिळलेला लगदा बोटांनी मोकळा करा, गुठळी ठेवू नका. त्याचे तीन समान भाग करून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस टिकतो. डब्यावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकदा तो उपम्याचा रवा समजून बाहेर आला होता.

## टप्पा ४: डिंक आणि मळणे

आदल्या रात्री १०० ग्रॅम डिंक कुटून १५० मिली कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. मधासारखा दाट हवा. डिंक न मिळाल्यास चिंचोक्याच्या पिठाची खळ करा. ती चिवट असते आणि पाण्यात सुटतेही. मैद्याची खळ शेवटचा पर्याय: सोपी आहे, पण बुरशीला आणि झुरळांना तीच सगळ्यात आवडते.

कीड लागू नये म्हणून काही घालायचं असेल तर लवंगेच्या तेलाचे आठ-दहा थेंब पुरतात. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी आहे, पाण्यातल्या जिवांना तर फारच. विसर्जनाच्या मूर्तीत तो नको. तुरटीही नको, ती व्हायटिंगशी फसफसते आणि दोन्हींचा गुण जातो.

मळण्याचा क्रम बदलू नका: आधी लगदा, मग डिंक, शेवटी व्हायटिंग. लगदा आणि डिंक चांगले दहा मिनिटं मळा, प्रत्येक तंतूला डिंक लागू दे. मग व्हायटिंग मूठ मूठ घाला आणि मळत राहा. भुकटी आधी घातली तर ती लगद्यातलं पाणी पिऊन गुठळ्या करते आणि डिंक तंतूंपर्यंत पोचतच नाही. भुकटी उडते, नाकाला रुमाल बांधा.

एका भागाला (म्हणजे १०० ग्रॅम मूळ कागदाला) साधारण अडीचशे ग्रॅम व्हायटिंग आणि एक तृतीयांश डिंक. पण माप सुरुवातीपुरतं. शेवट हाताने ठरवायचा. पुरणपोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट, मऊ, हाताला न चिकटणारं.

> तपासणी: करंगळीएवढी वळी करून अर्धगोल वाकवा.
> बाहेरच्या बाजूला भेगा पडल्या: डिंक कमी.
> हाताला चिकटते: व्हायटिंग कमी.
> उभी धरल्यावर मान टाकते: पाणी जास्त. यावर भुकटी घालत बसू नका, फडक्यात घालून पुन्हा पिळा. भुकटीने ओल लपते, जात नाही.

एका दिवसात लागेल तेवढंच मळा. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी उलट जास्त चांगलं वागतं. तिसऱ्या दिवशी आंबट वास येऊ लागतो.

## टप्पा ५: थापी

मूर्तीला हात लावण्याआधी तळहाताएवढ्या दोन थाप्या करा, बोटभर लांब नव्हे, चांगल्या १२ सेंमी लांब आणि १ सेंमी जाड. एकीवर खिळ्याने बरोबर १० सेंमीची रेघ ओढा. पंख्याखाली सुकवा, चार-पाच दिवस लागतील. तोवर गाभ्याचं काम करता येतं.

सुकल्यावर रेघ पुन्हा मोजा. साडेनऊ सेंमीपेक्षा खाली गेली असेल तर लगद्यात पाणी जास्त किंवा व्हायटिंग कमी आहे. एवढं आकुंचन मूर्तीवर भेग पाडणारच. थापी वाकडी झाली तर एका बाजूने वाळली आहे. नखाने खरवडल्यावर भुगा पडला तर डिंक वाढवा.

दुसरी थापी बादलीत टाका आणि घड्याळ लावा. काही तासांत कडा मऊ होऊन सुटायला हव्यात, दुसऱ्या दिवशी हाताने ढवळताच लगदा झाला पाहिजे. विसर्जन नीट होणार की नाही हे अनंत चतुर्दशीला कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. उरलेली पहिली थापी जपून ठेवा, रंगाच्या वेळी लागेल.

## टप्पा ६: गाभा

मूर्ती आतून भरीव लगद्याची करू नका. भरीव ९ इंची मूर्ती चतुर्थीपर्यंत आतून वाळत नाही. आत कोरड्या कागदाचा गाभा हवा.

आधी कागदावर मूर्तीचं चित्र खऱ्या मापात काढा, समोरून आणि बाजूने. मग त्याच्या आत सगळीकडून १ सेंमी सोडून दुसरी रेघ काढा. ही आतली रेघ म्हणजे गाभ्याचं माप. ही रेघ न काढल्यामुळे बाप्पा फुगतात: गाभाच पूर्ण मापाचा होतो, त्यावर थर चढतो, मग डोकं लहान दिसतं म्हणून डोकं वाढवायचं, मग हात बारीक दिसतात, आणि ९ इंचांची मूर्ती १२ इंचांवर जाऊन मखरात मावत नाही.

कोरडे कागद चुरगाळून घट्ट गोळे करा: पोटाचा, डोक्याचा, मांड्यांची एक आडवी वळी. सुतळीने करकचून बांधा. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडला तर गाभा सैल आहे, त्यावरचा थर नंतर आत बसेल. पोट आणि डोकं जोडायला मधून बांबूची सळी घाला.

थर्माकोल, प्लास्टिकची बाटली, लोखंडी तार यांपैकी काही नको. विसर्जनाचा प्रश्न आहेच, पण दुसरं कारण कामाचं आहे. लगदा वाळताना आकसतो, बाटली आकसत नाही. मग ताण कुठेतरी निघतोच, आणि तो बहुधा पोटावरून निघतो. कागदाचा गाभा थोडा दबून घेतो.

गाभ्यावर खळीत बुडवलेल्या कागदी पट्ट्यांचे दोन थर द्या आणि एक दिवस पूर्ण वाळू द्या. पाटावर आधी प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर गाभा. प्लास्टिक विसरलात तर मूर्ती पाटाला चिकटते आणि उचलताना बूड मागे राहतं.

## टप्पा ७: थर चढवणे

नियम एकच: एका वेळी ८ मिलिमीटरपेक्षा जाड थर नाही. मोजायला खराट्याच्या काडीवर खूण करा आणि मधून मधून टोचून बघा.

क्रम खालून वर: आसन, मांड्या, पोट, पाठ, छाती, डोकं. एवढं झालं की थांबा. दोन दिवस वाळू द्या. मगच सोंड, हात, कान, मुकुट. घाई करून सगळं एकाच दिवशी चढवलं की खालचं वरच्या वजनाने बसतं आणि मान पोटात जाते.

वाळलेल्या थरावर नवा थर थेट लावू नका. आधी खिळ्याने चौकडी ओरखडे काढा, पातळ डिंक लावा, दोन मिनिटं मुरू द्या, मग लगदा दाबून बसवा. थापटू नका, दाबा. थापटल्याने खाली हवा कोंडते आणि वाळल्यावर तिथे टकटक केलं की पोकळ आवाज येतो.

सोंड. पहिल्या मूर्तीत सोंड पोटावर टेकलेलीच ठेवा. आत खराट्याच्या दोन काड्या भिजवून वाकवून घाला. टेकण्यापूर्वी अधांतरी राहणाऱ्या भागाखाली कापसाची गुंडाळी ठेवा, ती दोन दिवसांनी काढा. सोंडेचं मूळ जाड आणि कपाळात मिसळलेलं हवं. नाकासारखी चिकटवलेली सोंड हमखास गळते.

कान. वेगळे करा. वाटी पालथी घालून त्यावर प्लास्टिक ताणा, कानाची पातळ पोळी त्यावर ठेवा, म्हणजे बाक आपोआप येतो. अर्धवट वाळले की, म्हणजे उचलल्यावर आकार धरतात पण नख रुततं अशा वेळी, काडीच्या दोन खुंट्या आणि डिंकाने डोक्याला जोडा. पूर्ण वाळलेला कान ओल्या लगद्याने जोडला तर सांधा आकसून सुटतो.

हात. चार हातांत मागचे दोन त्रास देतात. ते मागे लोडाला किंवा प्रभावळीला टेकवा. बोटं सुटी करू नका, एकत्र ठेवून मध्ये फक्त रेघा ओढा. आयुधं नंतर वेगळी करून बसवता येतात.

बोटं पाण्यात बुडवून गुळगुळीत करायचा मोह होतो. बोट ओलं करा, पण फडक्याला पुसून. दर वेळी मूर्तीवर चमचा-चमचा पाणी जात असतं, तासाभरात वाटीभर होतं, आणि टप्पा ३ मधले कष्ट वाया.

## टप्पा ८: सुकवणे

पहिले दोन दिवस ऊन नको. ऊन पडलं की सगळे धावत मूर्ती गच्चीत नेतात. बाहेरची साल तासाभरात वाळून आकसते, आत अजून ओलं आणि फुगलेलं असतं, मग साल फाटते. ताज्या भेगांपैकी बहुतेक या गच्चीतल्याच.

सावलीत, पंखा मंद, थेट झोत मूर्तीवर नको. खाली केक गार करायची जाळी किंवा चार पेन्सिली ठेवून मूर्ती उचललेली असू द्या. बुडाला हवा लागली पाहिजे, बूडच सगळ्यात शेवटी वाळतं. थर हाताला टणक लागला की आडवी करून बुडाचा गाभा थोडा उकरून काढा, त्या भोकातून आतली ओल बाहेर पडते. सकाळ-संध्याकाळ पाव वळसा फिरवा.

तिसऱ्या दिवसापासून पंखा पूर्ण वेगाने, आणि कोवळं ऊन मिळालं तर घ्या. ओव्हन, हेअर ड्रायर, गॅसजवळ ठेवणं: नाही. कोकणात आणि मुंबईत सतत पाऊस असेल तर रात्री बंद कपाटात ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवता येतो, पण बल्ब मूर्तीपासून हातभर लांब, कापड-कागद जवळ नको, आणि घरी कुणी जागं असेल तेव्हाच.

> तपासणी: रोज एकाच वेळी मूर्ती काट्यावर ठेवा आणि वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सुरुवातीला ते झपाट्याने उतरेल, मग हळू. लागोपाठ तीन दिवस वजन तेच राहिलं म्हणजे वाळली. वरून कोरडी दिसणं हा पुरावा नाही.
> काटा नसेल तर मूर्ती गालाला लावा. थंडगार लागली तर आत पाणी आहे.

बुरशी दिसली तर घाबरू नका, पण रंगाने झाकूही नका. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, तो भाग पंख्याकडे वळवा, दोन दिवसांनी खरवडा. परत आली तर खालचा थर ओला आहे. तिथे जाड खिळ्याने दोन भोकं पाडा, वाळू द्या, नंतर बुजवा. देवाच्या अंगाला भोक पाडवत नाही हे मला कळतं, पण प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे अजून, तोवर ती कारागिराची वस्तू आहे.

## टप्पा ९: लांबी (भेगा बुजवायची पुट्टी), घासणे, अस्तर

भेगा मूर्ती पूर्ण वाळल्यावरच भरा. आधी भरल्या तर त्याच जागी पुन्हा उघडतात. बारीक भेगेला व्हायटिंग आणि डिंकाची लांबी पुरते. रुंद भेग आधी सुरीने आणखी उघडा, डिंक सोडा आणि ताजा लगदा काडीने आत दाबा.

घासताना ८०, मग १२०, मग २२० नंबरचा पेपर, कोरडाच. मास्क लावा, बाल्कनीत बसा. सुरकुत्या, बोटांच्या सांदी यांसाठी पॉलिश पेपर काडीला गुंडाळा.

अस्तर म्हणजे व्हायटिंग आणि पातळ डिंकाचं ताकासारखं मिश्रण. तीन पातळ हात, प्रत्येक हात उभा-आडवा बदलून, मध्ये चार तास. एकच जाड हात दिला तर त्याला जाळीसारख्या चिरा पडतात.

> तपासणी: काळ्या कापडाने अस्तर घासा. खडूसारखं पांढरं आलं तर डिंक कमी. अस्तर चकाकत असेल आणि नखाने पापुद्रा निघत असेल तर डिंक जास्त, २२० ने घासून पुन्हा द्या.

## टप्पा १०: रंग आणि आखणी

पाण्यातले रंग घ्या. गेरू, मुलतानी माती, काजळ, नीळ हे डिंकाच्या पाण्यात खलून छान बसतात. हळदीवर फार भरवसा ठेवू नका. तिचा पिवळा उजेडात उडतो, आणि व्हायटिंगमध्ये चुना मिसळलेला असेल तर जागच्या जागी लाल पडतो. कुंकू तसंच तर करतात.

फिकट रंग आधी, गडद नंतर, अंग आधी, वस्त्र मग, दागिने शेवटी. एकाच जागी ब्रश घासत राहू नका, खालचं डिंकाचं अस्तर ओलं होऊन उठतं आणि रंगात पांढरं मिसळतं. ऑइल पेंट, सोनेरी स्प्रे, वॉर्निश नको.

डोळे सगळ्यात शेवटी आणि सकाळच्या उजेडात. कपाळावरून दोरा आडवा धरून दोन्ही डोळ्यांची पातळी पेन्सिलने ठिपक्यांनी नेमा. टप्पा ५ मधली थापी आता काढा आणि तिच्यावर निदान दहा जोड्या डोळे काढून बघा. शून्य नंबरचा ब्रश, मनगट उशीवर टेकलेलं. वरच्या पापणीची रेघ दोन्हीकडे आधी, मग बुबुळं. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे गेलात तर जोडी जुळत नाही. रेघ शाई टिपकागदावर पसरावी तशी फुटली तर खालचा रंग ओला आहे. थांबा, उद्या करा. पेणच्या कारखान्यांत आखणी करणारा हात वेगळाच असतो, तेव्हा पहिल्या वर्षी डोळे अर्धोन्मीलित ठेवले तर त्यात कमीपणा नाही, आणि ते सोपेही जातात.

## टप्पा ११: विसर्जन आणि लगदा परत मिळवणे

कागदाची मूर्ती नदीत, तलावात सोडू नका. लगद्याने पाणी गढूळ होतं, तंतू तरंगत राहतात. घरीच मोठ्या टबात करा, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घेऊन.

एक गोष्ट आधी घरच्यांना सांगून ठेवा: मूर्ती सुरुवातीला तरंगेल. गाभा कोरडा आहे, त्यात हवा आहे. हाताने दाबून धरू नका, ते बघवत नाही. बुडाच्या भोकातून पाणी शिरू द्या, पंधरा-वीस मिनिटांत ती आपण होऊन बसते. दुसऱ्या दिवशी ढवळा, सुतळी आणि काड्या काढून घ्या.

लगदा फडक्यातून गाळा. हे पाणी मोरीत ओतू नका. तंतू आणि व्हायटिंग मिळून नळीत जो बूच बसतो तो प्लंबरशिवाय निघत नाही. टब रात्रभर स्थिर ठेवा, व्हायटिंग तळाशी बसेल, वरचं पाणी झाडांना घाला, पण तळातला पांढरा गाळ कुंडीत नको, मातीवर कवच धरतो. तो गाळ वाळवून पुढच्या वर्षी अस्तराला वापरा.

पिळलेल्या लगद्याच्या भाकऱ्या थापून उन्हात कडकडीत वाळवा. अनंत चतुर्दशीनंतर ऑक्टोबरचं ऊन असतंच. कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासकट पत्र्याच्या डब्यात भरा. प्रत्येक वेळी वाटताना तंतू आखूड होत जातात, म्हणून पुढच्या वर्षी निम्मा हा आणि निम्मा नवा कागद घ्या. डब्यात कॅलेंडरचं ते पान घडी करून टाका, ज्यावर रोजची वजनं लिहिली होती. पुढच्या आषाढात किती दिवस हातात ठेवायचे ते त्यावरून ठरवता येईल.